पाहिजे

जाहिरात मी रात्री लिहिली, स्वयंपाकघरातल्या टेबलावर:
"प्रेमळ, समजूतदार, सेवाभावी मदतनीस पाहिजे."
सकाळी कागद ताइस्तोच्या डोळ्यांपुढे धरला.
म्हणाला, प्रेमळ काढ.
सेवाभावी तर आधी काढ.
लिही: वेळेवर येणारा, गरम हातांचा.
आणि खाली सही माझी. मालक मी आहे.

केमीत फेब्रुवारीत उजाडायला नऊ वाजतात.
बंदरात बर्फ फोडणाऱ्या जहाजाचा भोंगा झाला
की माझा भाऊ अजून मान वळवतो.
तेवढीच वळते.
एकवीस वर्षं त्या जहाजाच्या पोटात काढली त्यानं, इंजिनापाशी,
आणि मोडला कुठे?
तर भर जुलैत, तळ्याच्या धक्क्यावरून उडी मारताना,
कमरेएवढ्या पाण्यात.

सहा वर्षं मी त्याचे हात.
दाढी, मोजे, नळी, चमचा,
रात्री दोनला कूस, पहाटे पाचला कूस.
माझा मणका बोलू लागला तेव्हा
कचेरीतल्या बाई म्हणाल्या, आउने, तास मंजूर झालेत,
आठवड्याला पासष्ट. माणूस तुम्ही शोधा.
उरलेल्या एकशे तीन तासांचं काय
ते कागदावर नव्हतं. मीही विचारलं नाही.

पहिला आला तो माझ्याशीच बोलत राहिला:
"यांना कॉफी चालते का? यांना थंडी सोसते का?"
"हे" समोरच बसले होते,
भुवई चढवून.

दुसरीनं प्रमाणपत्रांची जाडजूड फाइल आणली
आणि उंबऱ्यातच म्हणाली, अरेरे.

तिसरा फोनवर फार गोड होता.
आलाच नाही.

चौथ्यानं आधी पगार विचारला, मग सुट्ट्या.
मला राग आला, ताइस्तोला तो आवडला:
"कामाला आलाय, पुण्य कमवायला नाही."
मग नेहमीसारखं म्हणाला, गालाला हात लाव.
(मानेखाली त्याला ऊन काय नि गार काय.)
हात थंड निघाला. 

पाचवा व्हिल्यामी, पन्नाशीचा,
कागद गिरणी बंद पडल्यापासून घरी बसलेला.
अनुभव? आईचा, म्हणाला, शेवटची दोन वर्षं.
एवढं बोलताना कपाला धक्का लागला
आणि कॉफी टेबलावरून ताइस्तोच्या मांडीवर.
मी उठलेच. तो माझ्याकडे बघेना.
ताइस्तोला विचारलं, "फडकं कुठे ठेवता?"
"डावीकडे, दुसरा खण," भाऊ म्हणाला,
"आणि आउने, तू बस."
मी बसले. सहा वर्षांत
कॉफी सांडल्यावर बसून राहिलेली मी पहिल्यांदाच.

गालाला हात लावण्याआधी
त्यानं तळवे पँटवर खसाखसा घासले.

मग ताइस्तोनं प्रश्न विचारला, तो एकच:
शनिवारी सौनात मला वरच्या फळीवर बसवशील?
मला धस्स झालं. माझ्याच्यानं खालच्याच फळीवर व्हायचं,
आणि तो कधी वरती बघायचाही नाही.
म्हणजे मला वाटायचं, बघत नाही.
व्हिल्यामी लगेच हो म्हणाला नाही.
फळी बघून आला, वितीनं मोजून.
"पडलात तर?"
"तर दोघं पडू."
"मग चालेल."

शनिवारी मी दाराबाहेर टॉवेल घेऊन उभी.
आत तापल्या दगडांवर पाणी पडलं,
आणि भावाच्या तोंडून अशी शिवी आली
इंजिन-घरातली, लखलखीत,
जी माझ्यासमोर तो सहा वर्षं गिळत होता.
टॉवेल खुंटीला लावला.
काय करायचं सुचेना, म्हणून दुसरा खण आवरला.

त्या रात्रीची पाळी व्हिल्यामीची.
दोनला मला जाग आलीच.
भिंतीपलीकडे खाट करकरली, कुणी हळू काही बोललं,
पुन्हा सगळं शांत.
बराच वेळ तशीच पडून होते उताणी,
मग माझी मीच
कूस बदलली.